रथ हलवणे : अवधी अर्धा दिवस

प्लायवूडचं सांचीचं तोरण. डावा खांब उंदरांनी कुरतडलेला.

*

दसऱ्याच्या आदल्या दिवशी झेंडू म्हणजे फूल. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी गायसुद्धा त्याला हुंगून पुढे जाते.

*

अकोल्याहून निघालेला माणूस बडनेऱ्याला उतरतो. तिथून त्याला अमरावती गाठायची असते. मधल्या तेवढ्या तुकड्यात तो नेमका कुठे आहे हे त्याला फोन करूनही कळत नाही.

*

हिरवा म्हणजे झालं. निळा म्हणजे चालू आहे. लाल सरांनी सांगितलाच नव्हता. तो करिश्मानं आपल्या मनानं घेतला आणि पुढे तोच जास्त लागला.

*

जिन्यात वरच्या पायऱ्यांवर बसलं की खालचा टीव्ही दिसत नाही, नुसता ऐकू येतो.

*

"पाहू नं."

*

"मॅनेजर म्हंजे काय तं, बाकीचे आपापल्या घरी राह्यतात अन् हे बाई उन्हात फिरते." माझी आई, शेजारणीला, माझ्यासमोर.

*

आता ओळीनं सांगते. ओळीनं लावणं हाच या विषयाचा पहिला धडा, आणि नेमका तोच आमच्यात कुणाला जमला नाही.

गट पाडणे

मी अमरावतीत एमबीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिसऱ्या सेमिस्टरला प्रकल्प व्यवस्थापन नावाचा विषय असतो. तो शिकवायला ढोकणे सर अकोल्याहून येतात. सर तासिका तत्त्वावर आहेत. म्हणजे एक कॉलेज अकोल्यात, एक इथे, आणि दोन्हीकडे बसायला खुर्ची नाही. वेळेचं नियोजन शिकवणाऱ्या माणसाचा तास गाडी लेट झाली म्हणून बुडतो, यावरचे सगळे विनोद वर्गात पहिल्या आठवड्यातच करून संपले होते.

पुस्तकातलं उदाहरण समुद्रावरच्या पुलाचं होतं. आमच्यापैकी निम्म्यांनी समुद्र पाहिलेला नव्हता. सरांनाही ते जाणवलं असावं. त्यांनी पुस्तक मिटलं.

"पूल राहू द्या. प्रत्येक गटानं एक खरं काम घ्यायचं. लहान चालेल. पण सेमिस्टरमध्ये सुरू झालं पाहिजे आणि सेमिस्टरमध्ये संपलं पाहिजे. संपलं पाहिजे, याच्याखाली रेघ मारा."

"सर, नाही संपलं तं त्याले काय म्हणतात?" मागून गोपालनं विचारलं.

"बॅकलॉग."

गोपाल आमच्या गटात आला. तो अंजनगाव सुर्जीचा. घरी फुलं आणि भाजीपाला पिकवतात आणि विकतातही. करिश्मा आली, ती अमरावतीचीच, स्लाइड्स सुरेख करते. आणि मी, प्रियदर्शनी, वलगावची. मॅनेजर मी झाले, कारण नावं लिहायला वहीचं पान मी फाडलं. याहून वेगळी निवड झाली असं कुणी सांगत असेल तर ते खोटं आहे.

खोली

वलगावला आमच्या वस्तीत विहार आहे आणि विहाराला लागून एक खोली. पक्की, स्लॅबची, दोन फळ्यांचं मोठं दार. आत रथ असतो. लाकडी मोठा चौथरा, खाली चार चाकं, वर चार खांब, आणि पुढे ते सांचीचं तोरण. निघायच्या दिवशी निघतो, मिरवतो, परत आत जातो. बाकी सगळं वर्ष ती खोली त्याचीच.

माया माझी मोठी बहीण. ती सरकारी भरतीचा अभ्यास करते आणि तो जिन्यात बसून करते, कारण घरात दोन खोल्या, आईची शिलाई मशीन, टीव्ही, आणि फोनवर बोलणारी मी. दोनदा तिचं थोडक्यात गेलं. यंदा जाहिरात निघाली तेव्हा बाबा एवढंच म्हणाले, "हे शेवटची. मंग मी पाहुणे बोलावतो." बाबा वाईट नाहीत. त्यांनी दोनदा वाट पाहिली, तिसऱ्यांदाही पाहायला तयार आहेत, चौथ्यांदा नाहीत. अमरावतीत अभ्यासिका आहेत, पण अंधार पडला की वलगावचा ऑटो भरल्याशिवाय हलत नाही आणि तो भरेपर्यंत बाबा फाट्यावर येऊन उभे राहतात. मायाला त्याची लाज वाटते. मग ती जिन्यातच बसते.

तर काम असं ठरलं : रथ दुसरीकडे न्यायचा, खोलीला रंग, दोन लाइट, एक पंखा, सहा टेबलं आणि बाकं. मायासाठी आणि वस्तीतल्या आणखी पाचसहा पोरींसाठी अभ्यासिका. सर खूश झाले. करिश्मानं पहिली स्लाइड केली, तिच्यावर काचेची इमारत आणि सोनेरी केसांची मुलं.

"हे पोरं कुठली हायेत?" गोपालनं विचारलं.

"नेटवरची."

"वलगावची नाई वाटत."

गँट चार्ट

गँट चार्ट म्हणजे डावीकडे कामांची नावं, वर तारखा आणि मधे आडव्या पट्ट्या. कोणतं काम कोणत्या कामानंतर, हे बाणांनी दाखवायचं. त्यातली सगळ्यात लांब साखळी म्हणजे क्रिटिकल पाथ. तिच्यातलं एक काम सरकलं की सगळंच सरकतं. आमच्या साखळीची पहिली कडी होती 'रथ हलवणे'. तिच्यासमोर मी लिहिलं, अर्धा दिवस. चार माणसं, एक धक्का. मनातल्या मनात तो रथ मी दुपारच्या जेवणाआधीच हलवून ठेवला होता.

सरांनी चार्ट पाहिला.

"परवानगीची पट्टी कुठे आहे?"

"सर, विहार समितीचे अध्यक्ष माझे मोठेबाबा आहेत. वडिलांचे सख्खे भाऊ."

"मग?"

"घरचेच आहेत, सर. त्यांना काय विचारायचं."

सरांनी माझ्याकडे नीट पाहिलं. काहीतरी म्हणणार होते, पण त्यांची परतीची गाडी होती.

परवानगी (ही पट्टी नंतर टाकली)

मोठेबाबांचं नाव देवमन. एसटीच्या वर्कशॉपातून निवृत्त झाले. रथाची चाकं त्यांनीच बसवलेली आहेत, आणि ती दर वर्षी काढून, ग्रीस लावून, पुन्हा बसवतात.

"जय भीम, मोठेबाबा."

"जय भीम. बस. च्या घेशीन?"

"खोलीचं बोलाचं होतं."

"बोल नं."

मी सगळं सांगितलं. फोनवर चार्ट दाखवला. त्यांनी चष्मा लावला आणि एका बोटानं पट्ट्या सरकवून पाहिल्या.

"हे लंबं लंबं काय हाये?"

"कामं हायेत. हे पाहा, रथ हलवणे."

"अर्धा दिवस."

"हो."

"बरं हाये."

"मंग करू?"

"पाहू नं."

मी आनंदानं घरी आले आणि ती पट्टी निळी केली. चालू आहे. ती महिनाभर निळीच राहिली. 'पाहू नं' म्हणजे हो नाही आणि नाहीही नाही. तो एक खड्डा आहे. त्यात पडलेलं काम दिसत राहतं, पण वर येत नाही. त्या सबंध जाडजूड पुस्तकात या स्थितीसाठी रंग नाही.

दुसऱ्यांदा गेले. म्हटलं, रथ विहाराच्या मागं ठेवू, वरून ताडपत्री.

"रथ काय कांद्याचा ढीग हाये, ताडपत्री टाकाले?"

तिसऱ्यांदा गेले. म्हटलं, शाळेचा व्हरांडा मागू.

"मांगून पाह्य."

मागून पाहिला. मुख्याध्यापक म्हणाले, पाहू.

चौथ्यांदा माझा आवाज चढला. "मोठेबाबा, तुमी नाई तरी म्हणा. नाई म्हटलं तं मी दुसरं काही करीन. पोरीयले अभ्यासाले खोली पाह्यजे, एवढंच तं हाये."

ते ओट्यावरून समोर, रथाच्या खोलीच्या दारावरच्या चुन्याकडे पाहत होते. "ते खोली कायच्यासाठी हाये ते मले नको सांगू, पोरी," म्हणाले, आणि आत निघून गेले. मोठीआई चहा घेऊन आली. मी तो तिरमिरीत एका दमात प्यायले आणि जीभ भाजून घेतली.

बाकीचे

त्या महिन्यात गोपालकडून आलेले सगळे मेसेज : "हो." "हो." "करतो." "हो." एकदा अंगठा.

तो वर्गात असायचा, पण त्याचा कान नसायचा. बाकाखाली फोन. "हां, क्रेट मोजून घेजो. नाई, ओला नको भरू. दसऱ्याले भाव आहे तं आताच काहून तोडून राहिले?" सरांनी एकदा त्याला उभं केलं आणि विचारलं, डेडलाइन म्हणजे काय. तो म्हणाला, "सर, झेंडू." वर्ग हसला. सरांनी त्याला बाहेर काढलं. बाहेर गेल्यावर त्याला फोनवर आरामात बोलता आलं.

करिश्मा वलगावला एकदाही आली नव्हती. पण तिच्या स्लाइडवर खोली दर आठवड्याला सुधारत होती. तिनं भिंतींना आकाशी रंग दिला होता. खिडकीत कुंडी ठेवली होती.

"खिडकीत कुंडी बसत नाही, करिश्मा. गज आहेत."

"तू ना, नेहमी अडचणीच सांगते."

रात्री जेवताना माया विचारायची, "काय झालं आज?" मी म्हणायची, निळं. ती पुढे काही विचारायची नाही. ताट उचलायची आणि पुस्तकं घेऊन जिन्यात जाऊन बसायची. ती भांडली असती तर मला बरं वाटलं असतं.

बैठक

शेवटी रविवारी वंदना झाल्यावर मी विहारातच सगळ्यांसमोर विषय काढला. गोपाल आणि करिश्माला ओढून आणलं होतं. गोपालच्या सदऱ्याला झेंडूचा वास येत होता. करिश्मानं खोलीत डोकावून रथ पहिल्यांदा पाहिला आणि हळूच म्हणाली, "एवढा मोठा आहे?" तिच्या स्लाइडवर तो चौकोन होता.

मी बोलले. सगळ्यांनी माना डोलावल्या. पोरीयचं चांगलं होईन. झालंच पाह्यजे. काहून नाई. इतकं एकमत मी आयुष्यात पाहिलं नव्हतं आणि त्यातून कुणी जागचं हललंही नाही.

"मंग तारीख ठरवू," मी म्हटलं. मी ती आधीच ठरवून आणली होती. चार्टमध्ये होती. कॉलेजच्या गोदामातली जुनी बाकं द्यायला प्राचार्य तोंडी हो म्हणाले होते. रंगवाला, वायरमन, सगळे त्याच दिवशी बसत होते. मी ती वाचली.

मागून बायांमधून कुणी तरी हसलं.

"दसऱ्याचा दुसरा दिवस?" मोठेबाबा म्हणाले. "त्या दिवशी वस्तीत कुत्रं तरी राह्यते का, प्रियदर्शनी?"

त्या दिवशी आमची सगळी वस्ती अकोल्याला जाते. धम्मचक्र प्रवर्तनाची मिरवणूक असते तिथे. आयशरमध्ये रथ चढवतात, मागच्या दोन टेंपोंत माणसं. मी कडेवर असल्यापासून जाते आहे. मूर्तिजापूरला थांबून सगळे चहा पितात, तिथे मी लहानपणी एकदा हरवलेही आहे.

आणि मी चार्टमध्ये तो दिवस मोकळा ठेवला होता. सुट्ट्यांची यादी मी नेटवरून उतरवली होती. तिच्यात दसरा होता, दिवाळी होती, तिच्यात हा दिवस नव्हता आणि मलाही तो घालावासा वाटला नाही. विसरले म्हणावं तर तसंही नाही. उद्या सूर्य उगवणार हे कुणी चार्टमध्ये लिहितं का? माझ्या डोक्यात त्या दिवशी मी अकोल्यातच होते, आणि कागदावर त्याच दिवशी मी वलगावात बाकं उतरवून घेत होते, आणि दोन महिने या दोन्ही प्रियदर्शनी एकमेकींना भेटल्या नाहीत. वायरमन आमच्याच वस्तीतला. रंगवालाही. त्या दोघांनीही मला "हो, येतो" म्हटलं होतं. त्यांनाही त्या तारखेवर काही खटकलं नव्हतं, कारण तारीख होती नुसती. दिवस कुणी म्हटलाच नव्हता.

मी चार्ट बंद केला. मला तो फोन विहाराच्या फरशीवर आपटायचा होता.

"एक मिनिट," गोपाल म्हणाला. "काकाजी, त्या दिवशी रथ कुठी राह्यते?"

"अकोल्याले. सांगतलं नं."

"पुरा दिवस?"

"दुसऱ्या दिवशी सकाळी येते."

गोपाल माझ्याकडे वळला. "बह्याड हायेस का, मॅनेजर? खोली रिकामी हाये त्या दिवशी."

"पण माणसं नाहीत."

"मी माणूस नाई का? दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी माह्या झेंडूले कोण इचारते? मी रिकामा, माही गाडी रिकामी. दोन भाऊ आणतो. वायरिंग माह्या चुलतभावाले येते."

इतकी मोठी वाक्यं त्यानं दोन महिन्यांत बोललेली नव्हती.

मी मोठेबाबांकडे पाहिलं. "किल्ली?"

त्यांनी कमरेची किल्ली काढली, तळहातावर जरा वेळ ठेवली आणि गोपालला दिली. मला नाही.

तो दिवस

मी वलगावात थांबणार होते. मॅनेजरनं जागेवर असावं, हे पुस्तकातही आहे. करिश्मानं मला बाजूला घेतलं. "तू जा. तू असली की प्रत्येक गोष्ट तुला विचारून करावी लागते. मग काहीच होत नाही."

हे ती मला म्हणत होती, करिश्मा, जिनं तोपर्यंत एक खिळा ठोकला नव्हता. मी रागानं टेंपोत चढले.

अकोल्यात मिरवणूक सुरू झाली. ढोलताशे, निळे झेंडे, दोन्ही बाजूंना माणसं. मी रथाच्या बाजूनं चालत होते, एका हातानं तोरणाचा डावा खांब धरून, कारण तो खालून कुरतडलेला आहे आणि दर वर्षी तो मीच धरते. दुसऱ्या हातात फोन.

"गोपाल, रंग कोणता आणला?"

"पांढरा."

"आकाशी ठरला होता."

"ऐकू नाई येऊन राह्यलं."

"आकाशी."

"हां हां, पांढराच."

मग करिश्माचा फोन. तिला माझं ऐकू येत नव्हतं, मला तिचं. शेवटी तिनं फोटो पाठवला : रिकामी खोली, ओल्या भिंती, शिडीवर करिश्मा, केसात चुना. ती हसत होती. मागोमाग दुसरा फोटो : कॉलेजच्या गोदामाचं दार, त्याला कुलूप. खाली गोपालचा मेसेज. "गोदामवाला सुट्टीवर. गावाले गेला. फोन बंद. बाकं नाई."

प्राचार्यांनी तोंडी हो म्हटलं होतं. पण गोदामाची किल्ली तोंडानं उघडत नाही.

"काय म्हणतो प्रोजेक्ट?"

रस्त्याच्या कडेला ढोकणे सर उभे होते, हातात भाजीची पिशवी. अकोल्यात सर अगदी वेगळे दिसत होते, निवांत, कुठेही पोहोचायचं नसलेले.

"सर, बाकं आली नाहीत."

सर माझ्याबरोबर चालू लागले. ढोलामुळे त्यांना मोठ्यानं बोलावं लागत होतं. "आणि रथ?"

मी खांबाकडे बोट दाखवलं.

त्यांनी मान मागे टाकून रथ वरपासून खालपर्यंत पाहिला. "हा? हा अर्ध्या दिवसात?" म्हणाले. मग म्हणाले, "प्रियदर्शनी, एक विचारू? याला परत नेल्यावर कुठे ठेवणार?"

ढोल वाजत होते. मी ऐकू न आल्यासारखं केलं.

परत

दुसऱ्या दिवशी सकाळी आयशर वस्तीत शिरला. खोलीचं दार उघडं होतं. भिंती पांढऱ्याशुभ्र, मधोमध पंखा, दोन लखलखीत ट्यूब. फरशी धुतलेली. गोपाल आणि त्याचे भाऊ ओट्यावर झोपलेले, करिश्मा सकाळीच परत आलेली. माया आत उभी होती. पुस्तकं छातीशी धरून, भिंतीला न टेकता, कारण रंग ओला होता. बसायला काही नव्हतं, तरी ती आली होती.

माणसांनी रथ खाली उतरवला आणि दाराकडे वळवला.

मी दारात जाऊन उभी राहिले.

"मोठेबाबा, नाई."

"सरक, पोरी."

"नाई सरकत. आत्ता कुठी हे झालं. हा आत गेला तं मायाताई पुन्हा जिन्यात. तुमाले माहीत हाये नं, तिचं हे शेवटचं हाये. सगळ्यायले माहीत हाये. सगळे नुसते पाहून राह्यले."

माणसं थांबली. मायानं मान खाली घातली.

मोठेबाबा रागावले नाहीत. रागावले असते तर मला बोलायला काही सापडलं असतं. ते म्हणाले, "बरं, आत नेत नाई. पण मले सांग, ठेवू कुठी? तुह्या त्या लंब्या लंब्या रेघायमधी असंन नं. पाह्य. काढ फोन."

मी फोन काढला नाही. मला माहीत होतं काय आहे ते. रथ हलवणे. कुठे, ते नव्हतं. पट्टीला सुरुवात होती, शेवट होता, अवधी होता, जबाबदार व्यक्ती होती. जागा नव्हती. चार्टमध्ये त्यासाठी रकानाच नसतो, असं म्हणून मी सरांशी भांडू शकले असते. रथाशी काय भांडणार.

मी सरकले.

रथ आत गेला. चौथऱ्याच्या दोन्ही बाजूंना माणूस अंग चोरून जाईल एवढीच जागा उरली. दोन ट्यूबांच्या मधोमध पंखा आणि पंख्याखाली रथ. मी ओट्यावर गोपालच्या पायाशी जाऊन बसले. तो जागा झाला, आत पाहिलं, म्हणाला, "हे काय?" मी म्हटलं, निळं.

करिश्माच आधी बोलली. "ए, बघ."

मायानं चपला काढल्या होत्या. पुस्तकं आधी वर ठेवली, मग चाकावर पाय देऊन ती रथावर चढली. तोरणाखाली मांडी घातली. जरा सरकली, पंख्याखाली आली. वरची ट्यूब बरोबर पुस्तकावर पडत होती. तिनं पुस्तक उघडलं आणि वाचायला लागली, जसं काही ती रोज तिथेच बसते.

त्या रथावर मिरवणुकीत मूर्ती असते. बायामाणसं खालून फुलं टाकतात. त्याच्यावर कुणी बसत नाही. लहान पोरं चढली की मोठेबाबा त्यांना कान धरून उतरवतात. आम्ही सगळे त्यांच्याकडे पाहू लागलो.

मोठेबाबांनी दारातच चपला काढल्या. मग आत गेले. खाली वाकून एक चाक हलवून पाहिलं, ते हलू नये म्हणून त्याच्याखाली वीट अडकवली.

"मधात बस," ते मायाला म्हणाले. "कडेले नको बसू. कडेची फळी कच्ची हाये."

"हो, मोठेबाबा."

"आणखी कोण येणार हाये?"

"चारपाच जणी."

"मंग फळी बदलावं लागते," असं पुटपुटत ते बाहेर आले आणि माझ्याकडे न पाहता निघून गेले. दुपारपर्यंत रथावर पाच जणी होत्या. संध्याकाळी मोठेबाबांनी तोरणाच्या उजव्या, चांगल्या खांबाला प्लगचा बोर्ड ठोकला.

मूल्यमापन

सरांनी आमचा अंतिम चार्ट पडद्यावर लावला. निम्म्याहून जास्त लाल. बाहेरून आलेल्या परीक्षक बाई पुढे बसल्या होत्या.

"टेबलं आणि बाकं : नाहीत," त्या वाचत होत्या. "रंग आकाशी : नाही. रथ हलवणे." त्या थांबल्या. "हे हिरवं आहे की लाल?"

"दोन्ही, मॅडम," करिश्मा म्हणाली. "हलवला. आणि परत आणला."

"म्हणजे ज्यासाठी खोली रिकामी करायची होती ते झालंच नाही."

"अभ्यास सुरू आहे, मॅडम. रोज."

"कशावर बसून?"

करिश्मानं गोपालकडे पाहिलं. शेवटी गोपाल म्हणाला, "रथावर."

सर खिडकीबाहेर पाहत होते. त्यांचे खांदे हलत होते.

"कामाचा आवाका बदलला तर मंजुरी लागते," बाई मला म्हणाल्या. "कुणाची घेतली?"

"समितीच्या अध्यक्षांची."

"लेखी?"

"नाही."

"मग ते काय म्हणाले?"

"कडेला बसू नका म्हणाले."

त्यांनी काहीतरी लिहिलं. आम्ही पास झालो, बेताचे. अभिप्राय असा होता की गटाला उद्दिष्ट आणि साधन यांतला फरक समजलेला नाही. गोपालनं तो वाचला, म्हणाला, "बरोबर हाये," आणि फोन उचलायला बाहेर गेला. लग्नसराई सुरू झाली होती.

मी घरी येऊन नवा चार्ट उघडला, कुणी सांगितलेला नसताना. मायाच्या परीक्षेची तारीख दोनदा पुढे गेली आहे. आता एप्रिल म्हणतात, कोणता दिवस ते नाही. आणि एप्रिलच्या सुरुवातीलाच रथ खोलीतून निघतो, धुतात, रंगवतात, जयंतीपर्यंत तो बाहेरच असतो. म्हणजे नेमकी ऐन वेळी खोली रिकामी, पंखा चालू, आणि पाच जणींना बसायला काही नाही. गोदामवाला गावाहून आलेला आहे. त्याला बाकांचं विचारलं. पाहू म्हणाला.

मी पहिली ओळ लिहिली, रथ हलवणे. पुढे एक रकाना वाढवला, कुठे. मग मोठेबाबांकडे गेले आणि, आयुष्यात पहिल्यांदा, त्यांना विचारलं की तुम्हाला किती दिवस लागतील.

"बस," ते म्हणाले. "च्या घे आधी."

*

रंग मारायच्या आधी गोपालनं खोलीच्या दाराच्या वरचा जुना चुना खरवडला तेव्हा खाली निळ्या अक्षरांत 'वाचनालय' लिहिलेलं निघालं. त्यानं त्यावर दोन हात पांढरा मारला.